महिन्याला दहा सेकंद

कापसेरा, १७ जानेवारी १९९९

जेलेल,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. घरी कोणी मेलेलं नाही. तुझ्या आईच्या उजव्या हातावर उकळता चहा सांडला, बोटांना फडकं बांधलंय, आणि तिचं म्हणणं की तुला जाणारं महिन्याचं पत्र चुकता कामा नये. "तुम्हीच लिहा," म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं तुरुंगात कैद्यांच्या नोंदी लिहिल्यात, पोटच्या पोरीला चार ओळी लिहिता येत नाहीत?" म्हणून लिहितोय. दुसरं कारण काही नाही.

आता बातम्या. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. गिरणीवाल्या किबोरचे पुढचे दोन दात पडले, त्यामुळे तो आता बोलताना शिट्टी वाजवतो आणि तरीही बोलायचा थांबत नाही. तू आईला पाठवलेला निळा स्वेटर तिला घट्ट होतो, असं तिनं तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. तो मी घालतो. पहाटे दूध काढताना इथे काय थंडी असते ते तुला ठाऊक आहे. स्वेटर उबदार आहे. आभार मानायची मला सवय नाही, तरी लिहून टाकतो.

तू तिकडे आता मासे खातेस म्हणे. आपल्या घराण्यात माशाला हात लावलेला कोणी मला आठवत नाही. पण सरोवराच्या काठी राहायचं आणि मासे खायचे नाहीत, हेही कठीणच. खा बापडी.

आणखी एक. तुझी धाकटी बहीण स्कोला हायस्कुलात गेली, फॉर्म वनला, तुझ्याच शाळेत. मला न विचारता तिनं धावण्याच्या संघात नाव घातलंय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन हजार मीटर पळवलं, म्हणजे मैदानाच्या साडेसात फेऱ्या. स्कोलाला तेरा मिनिटं बावन्न सेकंद लागले आणि त्यात ती दोनदा चालली. चालली! ज्या रस्त्यावरून रोज सकाळी जगज्जेते पळत जातात, ज्यांना आपल्या शेळ्यासुद्धा सवयीनं वाट देतात, त्या रस्त्यावरची पोर तीन हजारात चालते.

संघ बघायला नवी मॅडम आलीय, बेनादेत नावाची. पोरगेलीच आहे, चोवीस-पंचवीसची. तिनं स्कोलाला काय ध्येय दिलं असेल? 'या महिन्यात मधेच चालायचं नाही.' झालं. वेळ बघायची नाही, कोणाला मागे टाकायचं नाही, हळू पळ पण पळत राहा. हे ध्येय आहे की दवाखान्यातली सूचना? तू नर्स आहेस, तूच सांग.

आई म्हणते, आशीर्वाद लिहा. लिहिला.

के. चेबोई
(निवृत्त हवालदार, तुरुंग खाते)


कापसेरा, २१ फेब्रुवारी

जेलेल,

आईच्या हाताचं फडकं सुटलं, पण बोटं अजून ताठ आहेत असं ती म्हणते. मका सोलताना ती ताठ दिसत नाहीत. असो.

तुझं उत्तर आलं नाही. आईला येतात, मला नाही येणार, हे मी धरूनच चाललो होतो.

मागच्या मंगळवारी जे घडलं ते किबोरकडून तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी मीच सांगतो. मी शाळेवरून चाललो होतो. कुंपणाशी जरा थांबलो. काटेरी कुंपण आहे, आत वाकून बघावं लागतं. मुली पळत होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"स्कोलाचे बाबा, कुंपणात काही हरवलंय का?"

मॅडम उभी होती. मी म्हटलं, "गाय शोधतोय."

"गळ्यात स्टॉपवॉच बांधून?"

मैदानावरच्या मुली खिदळल्या. स्कोलानं तोंड दुसरीकडे फिरवलं, जणू मी तिचा कोणीच नाही. मग लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ विचारलं, "पोर आता चालत नाही, हे मी बघितलं. तेरा चाळीस लागले तिला. आता पुढे काय ठरवलंय?"

"महिन्याला दहा सेकंद," मॅडम म्हणाली.

"दहा?" मला आधी वाटलं, ती फेरीमागे म्हणतेय. "मॅडम, दहा सेकंदांत मी बुटाची एक नाडी बांधतो. पोरीच्या पायात दम आहे. महिन्यात एक मिनिट तोडेल ती."

"तोडेल की. आणि पुढच्या महिन्यात?"

"आणखी एक."

"म्हणजे डिसेंबरपर्यंत तुमची पोर साडेतीन मिनिटांत धावेल, बाबा. या रस्त्यावर एवढं तर पिकअप गाडीलाही जमत नाही."

मग तिनं समजावून सांगितलं. नवी पोर आहे. पहिल्या वर्षी शरीर दर महिन्याला थोडं थोडं देतं. मागाल तेवढं एकदम दिलं तर नंतर हाडं आणि मन दोन्ही संप करतात. ध्येय असं हवं की पोर संध्याकाळी झोपताना म्हणेल, 'हे मला जमेल.' आणि ते तिचं हवं, शेजारच्या जगज्जेत्याचं नको. एवढं बोलून तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "घड्याळ उद्यापासून घरी ठेवा."

मी दिलं नाही. खिशात घातलं आणि आलो. पण ती बाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला मी फार दिवसांपासून माहीत आहे.

तिनं 'स्कोलाचे बाबा' म्हटलं, ते माझ्या डोक्यात राहिलं. पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारायची आपली रीत. सतरा वर्षं मी या गावात जेलेलचा बाबा होतो. तू गेल्यावर लोकांनी हळूहळू बदल केला, न सांगता, बहुधा माझं मन राखायला. मीही कुणाला टोकलं नाही. आता सवय झालीय. तसं काही नाही, सहज लिहिलं.

बटाटे चांगले आलेत.

के. चेबोई


कापसेरा, ११ एप्रिल

जेलेल,

आईचा हात कधीच बरा झाला. तरी या वेळी पत्र मीच लिहितो म्हणालो. तिनं लगेच कागद पुढे केला, हसली नाही, पण वळल्यावर हसली असणार.

स्कोला मार्चअखेर तेरा एकोणतीसला आली, कुंपणाबाहेरून मीच मोजलं. अकरा सेकंद कमी. मॅडमनं ठरवल्यापेक्षा एक सेकंद जास्तच. पोर घरी येऊन उड्या मारत होती. मी म्हटलं, "अकराच?" तर ती म्हणाली, "बाबा, ठरवलेलं मी केलं. तुम्ही ठरवलेलं तुम्ही कधी केलंत?" पंधरा वर्षांची पोर! मी अजून तुरुंगात कामावर असतो तर…

मग सुट्टी लागली, आणि मी एक गोष्ट सुचवली. स्कोलाला आठवडाभर खाली खोऱ्यात नेऊ, काकाकडे. पळेल तिथे, हवा बदलेल.

तुझ्या आईनं मक्याची उगाली घोटायचा दांडा भांड्यातच सोडून दिला. "या घरातल्या एका पोरीला त्या रस्त्यानं नेलंत," म्हणाली. "दुसरीला नेलंत तर मीही जेलेलकडे राहायला जाईन. मासे खाईन मी!"

"अगं, खाली हवा दाट असते. चार पावलं जोरात पडतील. पोरीला हुरूप येईल."

"हुरूप तुम्हाला आला होता. तिला ताप आला होता."

स्कोला दारात उभी राहून ऐकत होती. मी उठून गोठ्यात गेलो.

सहा वर्षांत आपण त्यावर बोललो नाही. तुला सगळं ठाऊक आहे, पण मी काय समजून चाललो होतो ते एकदा कागदावर यावं. तू सतरा वर्षांची होतीस. इथे वर तुझी वेळ दहा मिनिटं बारा सेकंद होती, आणि ती चांगलीच होती. सुट्टीत मी तुला खाली नेलं. काकाच्या घरापासून नदीच्या पुलापर्यंत सायकलच्या चाकानं तीन किलोमीटर मोजले. तू नऊ अडतीसला आलीस. चौतीस सेकंद कमी, आणि तेही एका आठवड्यात! मी काकाच्या अंगणात नाचलो. वर आल्यावर गिरणीवर सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, जिल्ह्याच्या निवड चाचणीत माझी पोर नऊ चाळीसला येणार म्हणून. तुंब्याला आतून कोळसा घासून दूध लावून ठेवलं, म्हणजे जिंकून आलीस की दारातच तुला तुंब्यातलं आंबट दूध, मुरसिक, पाजता येईल. मी तुला म्हणालो, नऊ अडतीस ही तुझी खरी ताकद आहे, तेवढ्याच वेगानं सुरुवात कर. तू केलीस. पाचव्या फेरीला तू मैदानात बसलीस.

पुढचं मी लिहीत नाही. रागात माणूस बोलतो.

खालची हवा दाट, वरची विरळ, एवढाच हिशेब माझा चुकला. तसा तो कोणाचाही चुकतो.

स्कोलाला नेलं नाही. मी एकटाच दोन दिवस जाऊन आलो. काका बरा आहे, दम्यानं जरा बेजार. तो रस्ता तसाच आहे. रस्त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

तुझ्या आईनं मला अडवलं हे बरं झालं. तिला सांगू नकोस.

के. चेबोई


कापसेरा, २० जून

जेलेल, पोरी,

कुठून सुरुवात करू?

गेल्या आठवड्यात स्कोला गोठ्यात आली आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी जिल्ह्याच्या मैदानावर शाळांच्या शर्यती आहेत. तुम्ही या. पण घड्याळ आणू नका." मी म्हटलं, घड्याळाशिवाय मी तिथे करू काय? "बघा," ती म्हणाली. "नुसतं बघता येतं."

शनिवारी मी घड्याळ दुधाच्या कॅनमागे ठेवलं आणि निघालो. किबोर सोबत होता. मैदानावर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. साठीला आलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा शर्यत बघताना माझ्या हातात काही नव्हतं. स्कोलानं स्वेटर आणि वही माझ्याकडे टाकली, "धरा जरा," म्हणाली आणि पळत गेली. हात रिकामे राहिले नाहीत, म्हणून मला बरं वाटलं.

चौदा मुली होत्या. पहिल्या फेरीला स्कोला सगळ्यात मागे. माझ्या तोंडाशी आलं होतं, 'अगं हल!' मी वही दातात धरली. खरंच धरली, कोपऱ्यावर खुणा आहेत. तिसऱ्या फेरीला एक मुलगी चालायला लागली, स्कोला तिच्यापुढे गेली. पाचव्या फेरीला आणखी एक. तुझ्या पाचव्या फेरीला, जेलेल. मी डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा पोर तशीच पळत होती, ना हळू ना जोरात, गिरणीवर मका घेऊन निघाल्यासारखी. शेवटी आणखी एकीला तिनं गाठलं. तेरा मिनिटं सहा सेकंद. ठरलेलं होतं तेरा नऊ.

ती धापा टाकत माझ्याकडे आली. "बाबा, मी अकरावी!"

किबोरनं शिट्टी वाजवत विचारलं, "अकरावी? पुढून की मागून?"

मी म्हटलं, "तुझी पोर धावते का? नाही ना? मग तोंड मिट, उरलेले दात पडतील."

इतका आनंद मला अकराव्या नंबराचा होईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला कोठडीत टाकलं असतं.

मग मी ती वही उघडली. उगाच, वाऱ्यानं पानं हलत होती म्हणून. पहिल्या पानावर एक कागद चिकटवलेला होता. अक्षर स्कोलाचं नव्हतं.

'पहिला महिना: चालायचं नाही. वेळ विचारायची नाही. त्यानंतर दर महिन्याला दहा सेकंद, जास्त नाही. जमलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. 17 वर्षांची होईपर्यंत कोणाच्याही विक्रमाचं नाव काढायचं नाही, माझ्याही. खोऱ्यात धावून वेळ घ्यायची नाही. बाबांना आकडे सांगायचे नाहीत.'

आणि खाली वेगळ्या शाईत: 'पण शर्यत बघायला बोलवायचं.'

त्या सतरातल्या सातच्या पोटात आडवी रेघ होती. तसा सात या गावात दोनच माणसं काढतात. तुरुंगातल्या नोंदीत एक आणि सात यांचा घोटाळा होऊ नये म्हणून मी तसा काढायला शिकलो, आणि तू पाच वर्षांची असताना चुलीपुढे तुला शिकवला.

मी मॅडमला गाठलं. नुसती वही पुढे केली. ती हसली. "तुम्ही मला ओळखलंच नाहीत ना? मी जेलेलच्या संघात होते."

"मला आठवत नाही."

"कशी आठवणार? मी नेहमी शेवटून दुसरी यायचे. तुम्ही तेवढ्या मागे कधी बघितलंच नाहीत." रागानं म्हणाली नाही. मग म्हणाली, "चाचणीच्या दिवशी तुम्ही पिकअपमध्ये बसून गेलात, तेव्हा जेलेलबरोबर चौदा किलोमीटर चालत मीच आले, जेलेलचे बाबा."

सहा वर्षांनी मला कोणी त्या नावानं हाक मारली. मी चारशे माणसांसमोर अंगातल्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं, तुझ्या निळ्या स्वेटरमध्ये.

म्हणजे महिन्याला दहा सेकंद तुझे होते. 'दवाखान्यातली सूचना' तुझी होती. आणि मी मूर्ख तुलाच लिहून कळवत होतो, की ही मॅडम किती अडाणी आहे! तू हसलीस का ग? हसली असशील तर फार बरं होईल.

तुझी आई आधीपासून सगळं जाणत होती. हात भाजला होता हे मात्र खरं, एवढं तिनं शपथेवर सांगितलं.

पोरी, मला नीट सांगता येत नाही. ज्या मैदानावर मी तुझं नाव मातीत घातलं, तिथेच तू धाकट्या बहिणीला जपून पळायला शिकवलंस, आणि त्यात मलाही बोलावलंस. हे तुझे उपकार आहेत. स्वेटरचे मानले तसे चोरून मानत नाही. हे उघड लिहितो आणि स्कोलाला वाचून दाखवूनच पाकिटात घालतो.

तुझा बाप


कापसेरा, ४ जुलै

जेलेल,

रस्त्याबद्दल लिहीन म्हणालो होतो. हे पत्र कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

एप्रिलमध्ये खाली गेलो तेव्हा मी तो रस्ता पायी चाललो. काकाच्या घरापासून पुलापर्यंत आणि परत. जाताना गुडघा दुखला नाही. येताना चार वेळा बसलो.

तो रस्ता उतरता आहे, जेलेल. पहिल्या पावलापासून नदीपर्यंत उतरता. फार नाही, डोळ्याला पटकन दिसत नाही, पण पावसाचं पाणी त्याच रस्त्यानं नदीकडे जातं, आणि तिथली शेंबडी पोरंसुद्धा पाय न मारता सायकल पुलापर्यंत नेतात. मला हे एप्रिलमध्ये कळलं असं लिहिणार होतो. तसं एकदा लिहून पान फाडलं.

मला तेव्हाच माहीत होतं. मी त्याच खोऱ्यात लहानाचा मोठा झालो. चाकानं मोजताना सायकल आपोआप पुढे जात होती, ती मला धरून ठेवावी लागत होती. मी तुला पुलाकडून घराकडे पळवू शकलो असतो. मला आकडा हवा होता. मी स्वतः तुरुंगाच्या संघात बारा वर्षं धावलो आणि एकदाही परदेशी गेलो नाही, दर वेळी चौथा किंवा पाचवा. मला वाटलं, नऊ अडतीस हा आकडा तुझ्या कानात घातला की पाय आपसूक त्याच्यामागे जातील. इथले आम्ही सगळे बाप असेच आहोत. दारावरून जगज्जेते जाताना बघतो आणि आपल्या पोरीकडे वळून विचारतो, 'तू का नाही?'

मग तू बसलीस. मी म्हणालो, "काळीज बकरीचं आहे तुझं." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाबा, खाली तर मी पळाले होते ना? मग इथे मला काय झालं?" खरं विचारत होतीस. त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो, की पोरी, तो रस्ता उतरता होता, तर तू आज इथे असतीस. मी बोललो नाही. पिकअपमध्ये चढलो. तू सहा वर्षं समजत राहिलीस की तुझ्यातच काही कमी आहे.

तुझ्यात काही कमी नव्हतं. दहा बारा ही तुझी खरी वेळ होती, आणि सतरा वर्षांच्या पोरीला ती भरपूर होती. महिन्याला चार-पाच सेकंदांनी तू कुठल्या कुठे गेली असतीस. हे लिहिताना मला फार लाज वाटते.

तुंबा तेव्हा मी फोडणार होतो. तुझ्या आईनं हातातून काढून घेतला. सहा वर्षं रिकामा टांगलेला आहे.

क्षमा कर असं लिहिलं, तर ते माझं नेहमीचंच होईल, महिन्यात एक मिनिट मागण्यासारखं. म्हणून तूच मला काहीतरी ठरवून दे. मी नवा आहे यात, फॉर्म वनचा समज. जे मला जमेल आणि तुला सोसेल असं, लहानसं. तेवढंच करीन, त्यापुढे एक पाऊल टाकणार नाही. आणि तुला काहीच ठरवावंसं वाटलं नाही, तरी स्कोलासाठी केलंस तेवढ्यानं माझं आयुष्यभराचं पोट भरलंय.

तुझा बाप


कापसेरा, ८ ऑगस्ट

जेलेल,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. मी त्या किती वेळा वाचल्या ते सांगत नाही, आकडे सांगायचे नाहीत असा नियम आहे.

'१४ तारखेला, सकाळच्या गाडीनं, गिरणीपर्यंत येईन. किबोरकडे चहा घेऊ. घरी यायचं की नाही ते आत्ता ठरवत नाही.'

बरोबर आहे. अगदी योग्य ठरवलंस. घराचा आग्रह मी करणार नाही, आणि तुझी आई करायला लागली तर तिला मी वही दाखवीन. गिरणीवर चहा घेऊन तू त्याच गाडीनं परत फिरलीस, तरी ठरलेलं पूर्ण झालं असंच मी धरीन.

इकडची तयारी सांगतो. स्कोला जुलैअखेर बारा सत्तावन्नला आली. तिनंच कळवलं असेल, मी ऐकलेलं नाही असं समज. बेनादेत मॅडमला मी पाच लिटर दूध नेऊन दिलं. म्हटलं, "चौदा किलोमीटरचं आहे हे." ती म्हणाली, "मग अजून नऊ लिटर राहिलं, जेलेलचे बाबा." चांगली बाई आहे. मी रोज एक लिटर पोचवतोय.

तुंबा काढला. आईनं आतून कोळसा घासला आणि दूध लावलं. आपल्याकडे कोणी काही जिंकलेलं नाही आणि कोणी विचारायचं नाही, हे किबोरला दटावून सांगितलंय. त्याला चैन पडत नाही. "मग मुरसिक कशाबद्दल?" म्हणाला. मी म्हटलं, "पोर येतेय त्याबद्दल. तुझं जातं चालव."

एक अडचण आहे. गिरणी चढावर आहे आणि माझा गुडघा आता पूर्वीचा नाही. स्कोलानं मला तीनदा चालवून बघितलं. पहिल्या दिवशी मी वाटेत तीन ठिकाणी बसलो. तिनं वहीच्या मागच्या पानावर माझं नाव घातलं आणि लिहिलं: 'पहिला आठवडा: वाटेत बसायचं नाही. वेळ बघायची नाही.' काल मी एकदाच बसलो. आज बसलो नाही, फक्त निलगिरीला टेकून उभा राहिलो. ते बसण्यात धरायचं का, यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली, धरणार नाही, कारण मी नवा आहे.

तुझी गाडी दहाला येते. मी आठलाच निघेन. घड्याळ घरी ठेवीन. बोलायचं काही ठरवलेलं नाही. नुसतं बघता येतं, हे मला स्कोलानं शिकवलंय.

खाली सही या वेळी वेगळी केलीय. तुझी हरकत असेल तर गिरणीवर सांग, पुन्हा तसं लिहिणार नाही.

जेलेलचा बाबा